भिंतीवरचा कॅन क्रशर: आमच्या सोसायटीतल्या अकरा महिन्यांच्या वापरानंतर

रिकामे ॲल्युमिनियमचे कॅन हाताने चेपण्यासाठी भिंतीवर बसवायचा लोखंडी कॅन क्रशर नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरातल्या चोवीस घरांच्या सोसायटीत गेले अकरा महिने वापरात आहे. इतवारीतल्या लोहा ओळीत एका हार्डवेअरच्या दुकानदाराने तो मागवून दिला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, किंमत ९५० रुपये पडली आणि बसवण्याचा खर्च वेगळा झाला. या काळात सुमारे दोन हजार कॅन त्याखाली गेले आहेत. हा आकडा भंगाराच्या वहीत मी टिपून ठेवलेल्या वजनांवरून काढलेला आहे, त्यामुळे या वस्तूचे चांगले-वाईट दोन्ही आता खात्रीने सांगता येईल. सोसायटी, वसतिगृह, मेस किंवा लहानशी खानावळ असेल तर हा क्रशर जरूर घ्यावा. तीन-चार माणसांच्या घराने मात्र त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे मत झाले आहे.

आमच्याकडे कॅनचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की थंड पेयांचे, सोड्याचे आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या एनर्जी ड्रिंकचे कॅन दररोज निघतात, आणि जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असला की दुसऱ्या दिवशी सकाळी बिअरच्या उंच कॅनची त्यात भर पडते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणे बंधनकारक केले असले, तरी सुक्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे आणि कॅन एकत्रच पडतात. चांगला, पुन्हा वितळवता येण्यासारखा धातू कचरागाडीतून भांडेवाडीच्या ढिगाऱ्याकडे जाताना बघणे मला पटत नव्हते. म्हणून दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली एक पोते टांगून त्यात फक्त कॅन टाकावेत, असे आम्ही ठरवले. पोते दहा-बारा दिवसांत गच्च भरले. रविवारी ठेला घेऊन येणाऱ्या कबाडीवाल्या दादांनी ते उचलले, काट्याला लावले आणि म्हणाले, "ताई, ठेला भरून जाते अन् माल दोन किलोबी निघत नाही." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. पोत्यात दीडशेच्या आसपास कॅन होते आणि त्यांचे वजन पावणेदोन किलो भरले. बाकी सगळी हवा होती. पुढच्या वेळी त्यांनी पोते नेलेच नाही, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

तेव्हापासून आम्ही कॅन चेपू लागलो. सुरुवात अर्थातच पायाने केली. पाय थोडा जरी तिरपा पडला तरी कॅन निसटतो, नाहीतर चपलेच्या टाचेला अडकून बसतो, आणि चेपलेला कॅन प्रत्येक वेळी वेगळ्याच आकाराचा होतो. मग मी हाताने पिळून चेपण्याची रीत शिकले. त्यात कॅनच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी पोचे पाडायचे, दोन्ही टोके उलट दिशांना पिळायची आणि मग तळहातांनी दाबायचे. जमले की फार सोपे वाटते, पण पिळताना कॅनची भिंत फाटली तर तिची कड पात्यासारखी धारदार होते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी त्या कडेने इतकी खोल जखम केली की टाके घालावे लागले, आणि आमच्या चौकीदार काकांनाही एकदा बोटाला लागले. दुसऱ्याच्या हाताने हे काम करून घ्यायचे असेल तर ते हाताला इजा होणार नाही अशा साधनानेच करून घेतले पाहिजे, हे त्या दिवशी मनात पक्के झाले. त्यानंतर ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त क्रशर आणला. त्याची चौकट ओतीव धातूची आणि हलकी होती, आणि तिसऱ्या आठवड्यात दांड्याच्या सांध्याजवळ ती तडकली. परत करण्याची मुदत तोवर संपली होती. आताचा क्रशर घेताना वजनदार लोखंडी पट्टीचाच हवा, असा हट्ट मी धरला तो त्यामुळे.

या क्रशरची रचना साधी आहे. मागे सुमारे ४ मिलिमीटर जाडीची उभी पट्टी, तिच्या दोन्ही कडांना खाचा, तळाशी कॅन बसण्यासाठी किंचित खोलगट बैठक आणि वरून खाली सरकणारी दाबपट्टी. ही दाबपट्टी दोन जोडपट्ट्यांनी ४२ सेंटीमीटर लांबीच्या दांड्याला जोडलेली आहे. दांडा ज्या पिनेवर फिरतो ती पिन आणि जोडपट्ट्यांची जागा यांच्यात साधारण ६ सेंटीमीटरचे अंतर आहे, म्हणजे मुठीवर दिलेला जोर दाबपट्टीपर्यंत जाताना सुमारे सातपट होतो. रहाटाचा दांडा किंवा उसाच्या चरकाची लाकडी दांडी जितकी लांब तितका माणसाचा जोर कमी लागतो, तेच तत्त्व इथे आहे, आणि म्हणूनच दुकानात ठेवलेल्या आखूड दांड्याच्या नमुन्याकडे मी वळूनही पाहिले नाही. मुठीवर रबराचे आवरण आहे. ते उन्हाळ्यात चिकट होत नाही, हे विशेष.

बसवताना एक चूक टाळावी. आमच्या सुताराने पहिल्यांदा भिंतीत ड्रिलने छिद्रे पाडून, गिट्ट्या ठोकून क्रशर सरळ प्लास्टरवर कसला, आणि आठ दिवसांत वरच्या दोन गिट्ट्या सैल झाल्या. दांडा खाली खेचताना क्रशरचा वरचा भाग दर वेळी भिंतीपासून सुटायला बघतो, आणि तो ताण जुने प्लास्टर सहन करत नाही. दुसऱ्यांदा आम्ही दीड इंच जाडीची सागवानी फळी सहा लांब स्क्रूंनी विटांपर्यंत पक्की केली आणि क्रशर त्या फळीवर नट-बोल्ट आणि मोठे वॉशर लावून बसवला. फळी आणि मजुरी मिळून ३५० रुपये गेले, पण त्यानंतर एकही स्क्रू हललेला नाही. उंचीचाही विचार करावा. दांडा पूर्ण वर असताना मूठ खांद्याच्या पातळीला आली, तर हात वर न ताणता शरीराचे वजन वापरता येते. चौकीदार काकांच्या उंचीला जुळेल असेच आम्ही तो लावला, कारण बहुतेक कॅन तेच चेपतात.

आता प्रत्यक्ष वापर. कॅनची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते, तरीही कुठेही पोचा नसलेला रिकामा कॅन उभा ठेवून त्यावर वजन सावकाश आणि अगदी सरळ दिले, तर तो आश्चर्य वाटावे इतका भार पेलतो, कारण भार गोलाकार भिंतीवर सगळीकडे सारखा वाटला जातो. भिंत एका जागी जराशी आत गेली की तो समतोल मोडतो आणि कॅन क्षणात बसतो. क्रशर वापरतानाही हेच लक्षात ठेवावे. कॅन बैठकीवर ठेवण्याआधी त्याच्या कमरेशी समोरासमोर दोन्ही अंगठ्यांनी हलके पोचे पाडले, तर दांड्याला निम्माही जोर लागत नाही. पोचे न पाडता ठेवलेल्या कॅनवर दांडा आधी थबकतो, हाताला घट्ट अडथळा जाणवतो आणि मग एकदम खटकन खाली जातो. त्या झटक्याने मनगटाला त्रास होतो आणि सांध्यांची झीजही वाढते. पोचे पाडलेला कॅन मात्र तीन घड्यांत शांतपणे खाली येतो: आधी कंबर वाकते, मग वरचा खांदा आत घुसतो आणि शेवटी झाकण तळाच्या अंतर्गोल भागावर टेकते. हातात येते ती दोन-अडीच बोटे जाडीची चकती, जिच्या कडेने बोट फिरवले तरी कुठे कापत नाही. पाच महिन्यांपासून मी तिसरीतल्या मुलांनाही माझ्या समोर एखादा कॅन चेपू देते, आणि आजवर कोणालाही ओरखडाही आलेला नाही.

उणिवा आहेत, आणि त्यांतली एक मोठी आहे. ५०० मिलीचा कॅनही यात बसतो असे दुकानदाराने सांगितले होते, पण दांडा पूर्ण वर केल्यावर बैठक आणि दाबपट्टी यांच्यात १६ सेंटीमीटरच जागा मिळते आणि ५०० मिलीचा कॅन जवळपास १७ सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे तो आधी हाताने वाकवून बुटका करावा लागतो, आणि हाताने वाकवणे टाळण्यासाठीच तर क्रशर घेतला होता. यावर आम्ही काढलेला उपाय असा, की उंच कॅन आडवा ठेवून त्याच्या मध्यावर लाकडी ठोकळ्याने एकदा दाबायचा आणि मग तिरपा सरकवून बैठकीवर बसवायचा. काम होते, पण वेळ दुप्पट लागतो. २५० मिलीच्या बारीक कॅनची अडचण याच्या उलट आहे. बैठकीचा खोलगट भाग नेहमीच्या जाड कॅनच्या मापाचा असल्यामुळे बारीक कॅन त्यात सरकतो आणि तिरपा चेपला जातो. तो मागच्या पट्टीला टेकवून ठेवला तर बहुतेक वेळा सरळ बसतो. ३०० आणि ३३० मिलीच्या कॅनबाबत मात्र काहीही तक्रार नाही.

आठव्या महिन्यात दांडा खरखर करू लागला. मुख्य पिनेचे छिद्र लांबट झाले होते, कारण त्यात बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी धातूची नळी, नव्हता आणि लोखंडावर लोखंड घासत होते. जवळच्या लेथवाल्याने छिद्र मोठे करून पितळी बुश ८० रुपयांत बसवून दिला. आता महिन्यातून एकदा शिलाई मशीनचे तेल दोन थेंब सोडले की दांडा लोण्यासारखा फिरतो. हा बुश बनवणाऱ्याने मुळातच बसवायला हवा होता. रंगही बैठकीवरचा पहिल्या पंधरा दिवसांतच गेला आणि पावसाळ्यात तिथे गंज धरला, पण कामाला त्याने बाधा आली नाही. चेपलेला कॅन आपोआप खाली पडेल अशी फट यात नाही, तो हाताने काढावा लागतो, आणि शंभर कॅन एका दमात चेपायचे असतील तेव्हा हे कंटाळवाणे होते.

क्रशर कितीही चांगला असला, तरी कॅन धुतल्याशिवाय त्यात घालू नये, आणि धुतल्यावर वाळल्याशिवायही घालू नये. हे मी प्रत्येक घरी जाऊन सांगितले आहे. तळाशी राहिलेल्या गोड पेयाने मुंग्या आणि माश्या येतात, एवढेच कारण नाही. कॅन चेपला की आतले पाणी घड्यांमध्ये अडकून बसते आणि मग ते सहजी वाळत नाही. असा ओला तुकडा वितळलेल्या धातूच्या भट्टीत पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू बाहेर उसळतो. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा येऊ नये, एवढी काळजी आपण इथे, जिन्याखाली, घेऊ शकतो. त्यासाठी नळाचे नवे पाणीही लागत नाही. भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात कॅन एकदा बुडवून हलवला आणि जाळीच्या टोपलीत पालथा घातला की पुरते. मे महिन्यात तो तासाभरात कोरडा होतो, जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस द्यावे लागतात.

कबाडीवाल्यांशी झालेला व्यवहारही इथे सांगायला हवा, कारण क्रशरचा उपयोग शेवटी तिथे ठरतो. पहिले चेपलेले पोते पाहून त्यांनी शंका घेतली. चेपलेल्या कॅनमध्ये वजन वाढवण्यासाठी वाळू किंवा माती भरून देणारे लोक त्यांना भेटलेले होते, आणि बंद घडीत काय आहे ते वरून दिसत नाही. मी पोते जमिनीवर ओतले, त्यांना हव्या त्या चकत्या उचलून हलवून पाहायला सांगितले, आणि आमच्याकडचे कॅन धुतलेले व कोरडे असतात हे त्यांनी स्वतःच्या हाताने तपासले. त्या दिवशी ८ किलो मालाला १०५ रुपये किलोचा भाव मिळाला. पुढच्या दोन खेपांना ७.५ आणि ९ किलोला ११० रुपये मिळाले. तीन खेपांत मिळून २,६५५ रुपये आले. त्यातले हजार रुपये दर दिवाळीला चौकीदार काकांना द्यायचे असे सभेत ठरले आहे, आणि क्रशरचा व बसवण्याचा सगळा खर्च उरलेल्यातून निघाला. रिकामा ३०० मिलीचा कॅन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर १२ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोला ऐंशीहून अधिक कॅन लागतात. तेव्हा यातून कमाई होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. क्रशरने जे दिले ते वेगळे आहे: जिथे पाच पोती लागली असती तिथे एक पोते पुरते, त्यामुळे उचलण्याजोगे वजन साठेपर्यंत कॅन थांबवून ठेवता येतात, आणि ठेला घेऊन येणाऱ्या माणसाला आमच्या दारी थांबणे परवडते.

धातू वाचवण्याची ही धडपड का करायची, असे सभेत एका गृहस्थांनी विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. बॉक्साइटपासून नवे ॲल्युमिनियम काढताना साधारण चार किलो बॉक्साइटमधून दोन किलो ॲल्युमिना आणि त्यातून एक किलो धातू मिळतो. हॉल आणि एरू या दोघा संशोधकांनी १८८६ साली स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीनेच आजही तो काढतात, आणि एका किलोला सुमारे १४ युनिट वीज खर्च होते. आपल्याकडच्या दोनशे वॅटच्या डेझर्ट कूलरला एवढी वीज सत्तर तास पुरेल. जुने ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळते, आणि ते वितळवून पुन्हा वापरले तर नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर ज्यांना गच्चीवरून दिसतो, त्यांना विजेचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय या धातूचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र, आपल्याच अमरावती रोडवर वाडीला आहे. त्या शहरातल्या लोकांनी रिकामा कॅन कचऱ्यात टाकावा, हे मला खरोखर बरे वाटत नाही.

चेपणे सर्वत्र योग्य असते असे मात्र नाही. माझी भाची जर्मनीत राहते. तिथे कॅन विकत घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते आणि रिकामा कॅन दुकानातल्या यंत्रात घातला की ती परत मिळते. यंत्राला कॅनवरचा बारकोड वाचता यावा लागतो, म्हणून तिथे चेपलेला कॅन चालत नाही. आपल्याकडे माल वजनावर जातो, म्हणून इथे चेपण्यात तोटा नाही. झाकणावरची ओढायची कडी मात्र तोडून वेगळी काढू नये. झाकण आणि भिंत यांचे मिश्रधातू वेगळे असतात, झाकणात मॅग्नेशियम जास्त असते, पण भंगारात ते एकत्रच घेतले जातात. सुटी कडी तेवढी पोत्याच्या विणीतून गळून वाया जाते.

दोन गोष्टी क्रशरखाली कधीही घालू नयेत. डिओडरंटचे आणि केसांच्या स्प्रेचे डबे ॲल्युमिनियमचे असले तरी त्यांत दाबाखालचा वायू उरलेला असतो. दाबल्यावर ते फुटून इजा करू शकतात. आम्ही फळीवर तशी पाटी लावली आहे. दुसरे म्हणजे डबाबंद रसगुल्ल्याचे किंवा आटवलेल्या दुधाचे डबे. ते कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात, क्रशरच्या सांध्यांवर त्यांचा ताण येतो आणि कॅनच्या पोत्यात ते मिसळले तर भाव पडतो. ओळखण्यासाठी दोरीला बांधलेला एक जुना लोहचुंबक आम्ही फळीलाच टांगून ठेवला आहे. चुंबकाला चिकटले ते वेगळ्या डब्यात, न चिकटले ते क्रशरकडे.

लहान कुटुंबाने हा खर्च करू नये असे वर म्हटले ते यासाठी, की आठवड्याला चार-पाच कॅन निघत असतील तर अंगठ्यांनी दोन पोचे पाडून, जाड तळाचा बूट घालून, कॅन उभा ठेवून सरळ पाय दिला तरी चकती होते. अशा चकत्या पिशवीत साठवून जवळच्या सोसायटीच्या पोत्यात आणून टाकाव्यात. आमच्या पोत्यात गल्लीतली सहा घरे तसे करतात.

पुढच्या महिन्यात शेजारच्या इमारतीसाठी आणखी एक क्रशर मागवायचा आहे. दुकानदाराला मी यावेळी चार गोष्टी लिहून देणार आहे: दांडा ४० सेंटीमीटरपेक्षा आखूड नको, पिनेला पितळी बुश आधीपासून हवा, बैठकीत बारीक कॅनसाठी आतली दुसरी खोलगट कडी हवी, आणि दाबपट्टी वर असताना मोकळी जागा १८ सेंटीमीटर हवी. ती जागा पैसे देण्याआधी मी दुकानातच, सोबत नेलेला ५०० मिलीचा रिकामा कॅन बैठकीवर उभा करून पाहणार आहे.